शुल्झे की रायफायझेन? पतसंस्थेची दोन घराणी

सभासदांनीच ठेवी ठेवायच्या आणि सभासदांनीच कर्ज घ्यायचं, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत रुजली. पण तिथे वाटा दोन होत्या.

हर्मान शुल्झे-डेलिच यांनी 1850 मध्ये शहरी कारागीर आणि छोट्या दुकानदारांसाठी कर्जसंस्था काढली. भागभांडवल सभासदांचं, कर्ज अल्पमुदतीचं, नफ्यातून लाभांश, काम करणाऱ्यांना पगार. दानधर्माला त्यांचा ठाम विरोध.

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन मात्र सुरुवातीला दानावरच विसंबले होते. 1840च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी श्रीमंतांच्या पैशातून गरिबांना मदत केली. दात्यांचा उत्साह ओसरतो, हे कळल्यावर 1864 मध्ये हेडेसडोर्फला त्यांनी स्वावलंबी संस्था उभारली. कार्यक्षेत्र एका गावापुरतं, पदाधिकारी बिनपगारी, नफा राखीव निधीत, आणि शेतीला परवडेल अशी लांब मुदत. पीक हाती यायला महिने लागतात. तीन महिन्यांचं कर्ज शेतकऱ्याच्या काय कामाचं? शिवाय कर्जदाराला सगळं गाव ओळखतं, हेच खरं तारण. (चहाड्यांचाही उपयोग होतो, म्हणायचा!)

व्यवसाय वाढवायचा तर शुल्झेंची रीत सोपी. सावकाराच्या पाशातून माणूस सोडवायचा असेल, तर मला रायफायझेन जवळचे वाटतात. लहान क्षेत्रात सगळ्यांवर एकदम संकट आलं तर मात्र ती संस्था डगमगते.

कॅनडात आल्फोन्स देजार्दें यांनी 1900 मध्ये लेव्ही इथे संस्था काढताना दोन्हींतलं थोडंथोडं उचललं: छोट्या रकमेचे भाग (शेअर), पण ओळखीच्या लोकांचंच वर्तुळ.