‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न शिकवणारे एक ऑनलाइन प्रशिक्षण: परीक्षण

इतर देशांतून आलेल्या लोकांशी कसे बोलावे आणि काय बोलू नये, हे शिकवणारी ऑनलाइन प्रशिक्षणे आता अनेक कार्यालयांत सक्तीची झाली आहेत. त्यांपैकी एक मी नुकतेच पूर्ण केले. स्वागतकक्षात, चौकशीच्या खिडकीवर किंवा फोनवर लोकांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी ते तयार केलेले आहे. साधारण दीड तासाचे व्हिडिओ, अधूनमधून प्रश्नमंजूषा आणि शेवटी प्रमाणपत्र अशी त्याची रचना असून त्यातला सर्वांत मोठा भाग एकाच प्रश्नाला दिलेला आहे: समोरच्या माणसाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारणे ही आपुलकी की वंशवाद? मी स्वतः दुसऱ्या देशातून येऊन स्थायिक झालेली आहे आणि दिवसभर अनोळखी माणसांशी बोलणे हेच माझे काम आहे, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो माझ्या तोंडीही येतो. म्हणूनच हे प्रशिक्षण मी केवळ प्रमाणपत्रापुरते उरकले नाही.

तांत्रिक बाजूबद्दल तक्रार नाही. आवाज स्पष्ट आहे, मजकूर वाचायला सोपा आहे, अर्धवट सोडलेला भाग नंतर तिथूनच पुढे सुरू करता येतो.

पहिल्या भागात विषयाची पार्श्वभूमी दिली आहे आणि ती नीट दिली आहे. रोजच्या बोलण्यातून होणाऱ्या लहानलहान अवमानांसाठी ‘मायक्रोॲग्रेशन’ हा शब्द हार्वर्ड विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी 1970च्या सुमारास वापरात आणला. पुढे 2007 मध्ये कोलंबिया विद्यापीठातील डेराल्ड विंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वागण्याची वर्गवारी केली. त्यात ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न आणि ‘तुम्ही आमची भाषा किती छान बोलता!’ ही शाबासकी, अशी दोन्ही उदाहरणे स्वतःच्याच देशात परके ठरवले जाण्याच्या गटात येतात. हे सांगताना प्रशिक्षण कुठेही आवाज चढवत नाही, हे मला आवडले. मात्र 2017 मध्ये स्कॉट लिलियनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी या संकल्पनेची व्याख्या सैल आहे, पुरावा अपुरा आहे आणि पुरेसे संशोधन होईपर्यंत अशी प्रशिक्षणे थांबवावीत, अशी भूमिका मांडली होती. तिचा इथे साधा उल्लेखही नाही. प्रशिक्षण घेणाऱ्याला प्रौढ समजायचे असेल, तर आपल्याच विषयावरचा सर्वांत गंभीर आक्षेप त्याच्यापासून लपवून ठेवू नये.

खरी अडचण सुरू होते ती तिसऱ्या भागात. त्यातला प्रसंग असा आहे: दवाखान्याच्या स्वागतकक्षात एक तरुण येतो आणि आपले नाव सांगतो. कर्मचारी महिला नाव टाइप करता करता थांबते आणि हसून विचारते, “तुम्ही कुठले?” तो शेजारच्या शहराचे नाव सांगतो. “तसं नाही, म्हणजे मूळचे कुठले?” असे ती विचारते. तो हातातली फाइल उगाचच सरळ करतो आणि म्हणतो, “जन्म इथलाच आहे.” “आणि आईवडील?” रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांची पाळी येते, तेव्हा तीच महिला त्यांना फक्त जन्मतारीख विचारते. प्रसंगाचे चित्रीकरण उत्तम आहे, आणि फाइल सरळ करणारे ते हात ज्याने दाखवायचे ठरवले, त्याला हा अनुभव आतून माहीत असावा.

यानंतर प्रश्न येतो: ‘चूक नेमकी कुठे झाली?’ मी दुसऱ्या प्रश्नाचा पर्याय निवडला आणि पडद्यावर लाल फुली उमटली. प्रशिक्षणाच्या मते पहिलाच प्रश्न चूक आहे, कधीही आणि कोणालाही. हे मला मान्य नाही आणि या परीक्षणात मला मुख्यतः याबद्दलच बोलायचे आहे.

पहिला प्रश्न माहिती मागतो. दुसरा प्रश्न मिळालेली माहिती नाकारतो. ‘मी इथला’ असे एखाद्याने सांगितल्यावर ‘पण खरे कुठले?’ असे विचारणे म्हणजे तू कोण आहेस हे तुझ्यापेक्षा मला जास्त कळते, असे त्याला सुनावणे होय. मग आवाज कितीही गोड असो. नोव्हेंबर 2022 मध्ये बकिंगहॅम राजवाड्यातील एका समारंभात ब्रिटनमध्येच जन्मलेल्या न्गोझी फुलानी यांच्याबाबतीत जगाने हेच पाहिले. राजघराण्याच्या जुन्या सेविका लेडी सुझन हसी यांनी त्यांना त्या कुठल्या, असे विचारले. फुलानी यांनी आपल्या संस्थेचे नाव सांगितले, संस्थेचा पत्ता सांगितला, आपण ब्रिटिश असल्याचे सांगितले, तरी प्रत्येक उत्तरानंतर तोच प्रश्न फिरून येत राहिला आणि आफ्रिकेतल्या कुठल्या भागातल्या, असेही विचारले गेले. हसी यांनी मानद पद सोडले आणि माफी मागितली. डिसेंबरमध्ये दोघींची भेट झाली, फुलानी यांनी माफी स्वीकारली आणि हेतू वाईट नव्हता हेही नोंदवले गेले. मला या घटनेत महत्त्वाचे वाटते ते हेच की हेतू वाईट नसतानाही दुखापत झाली होती, आणि ती पहिल्या प्रश्नाने झालेली नव्हती.

हेतू आणि परिणाम यांतला हा फरक प्रशिक्षणाने कायद्याच्या आधारे चांगला समजावला आहे. ब्रिटनच्या 2010च्या समता कायद्यानुसार कुणाची अप्रतिष्ठा करण्याचा उद्देश नसला, तरी नकोशा वागण्याचा परिणाम तसा झाला तर तो छळ ठरू शकतो. मात्र तसे ठरवताना त्या व्यक्तीला काय वाटले, परिस्थिती काय होती आणि तसे वाटणे वाजवी होते का, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. कायदा परिस्थिती पाहायला सांगतो; त्याचाच दाखला देणारे प्रशिक्षण पुढच्याच पानावर सर्व परिस्थितींना एक नियम लावते, हे विसंगत आहे.

परिस्थितीने किती फरक पडतो, ते मी रोज पाहते. खिडकीच्या अलीकडे बसलेल्या माणसाच्या हाती अर्ज असतो, शिक्का असतो, ‘उद्या या’ म्हणण्याची सोय असते. पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही की हा प्रश्न गप्पांचा आहे की त्याच्या उत्तरावर त्याचे काम अवलंबून आहे. जीव वाचवून देश सोडलेल्या माणसाला तर आपण कुठले हे चारचौघांत, मागे रांग असताना सांगणे धोक्याचेही वाटू शकते. नोकरीची मुलाखत घेणारा आणि घर भाड्याने देणारा यांच्या बाबतीतही हेच खरे आहे. अशा जागी मी प्रशिक्षणाशी पूर्ण सहमत आहे: कामाला आवश्यक नसेल तर विचारू नये, आणि अर्जात तो रकाना असेल तर तो का आहे हे आधी सांगून मग विचारावे. खेद एवढाच, की ही सर्वांत उपयोगाची गोष्ट एका पानात उरकली आहे आणि देश सोडून आलेल्यांच्या भीतीला त्यात जेमतेम एक वाक्य मिळाले आहे.

पण दुपारच्या सुट्टीत एका टेबलावर बसलेल्या दोन सहकाऱ्यांमध्ये खिडकी नसते. मी या देशात नवी होते, तेव्हा आठवडेच्या आठवडे कामापलीकडचा एक शब्दही माझ्याशी कुणी बोलत नसे. एका वयस्कर सहकाऱ्याने मी कुठली ते विचारले, स्वतः कुठला तेही सांगितले, आणि काही महिन्यांनी माझ्या देशातल्या पुराची बातमी वाचून सकाळी सकाळी येऊन विचारले, “तुमची माणसं सुखरूप आहेत ना?” पहिला प्रश्न विचारलाच नसता तर हा दुसरा प्रश्न त्याला सुचलाही नसता. नव्याने आलेल्या माणसाला आपल्याबद्दल कुणी काहीच विचारत नाही, याचेही दुःख असते, आणि या प्रशिक्षणात त्या दुःखाला जागा नाही. चुकण्याच्या भीतीने सगळेच गप्प बसले तर परका माणूस अधिकच परका होतो.

तरीही, इथेच जन्मलेल्या आणि केवळ वर्णामुळे किंवा नावामुळे आयुष्यभर हेच विचारले गेलेल्या माणसाचा त्रास माझ्या या अनुभवाने खोटा ठरत नाही. सप्ना चेरियन आणि बेनुआ मोनाँ यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की आपल्या अमेरिकन असण्यावर शंका घेतली गेली की आशियाई वंशाचे अमेरिकन लोक तिथल्या संस्कृतीची आपल्याला किती माहिती आहे, हे दाखवू लागतात. निरपराध माणसाने भेटेल त्याला आपल्या आपलेपणाचा पुरावा देत राहणे हा केवढा मोठा बोजा आहे!

या दृष्टीने शेवटच्या भागातला एक स्वाध्याय मला संपूर्ण प्रशिक्षणात श्रेष्ठ वाटला. गेल्या महिन्यात तुम्ही कुणाकुणाला ‘कुठले?’ असे विचारले, ते आठवून कागदावर लिहायचे. मग त्याच काळात पहिल्यांदा भेटलेल्या, पण हा प्रश्न न विचारलेल्या लोकांची नावे शेजारी लिहायची. हा कागद कुणाला दाखवायचा नसतो, त्यावर गुण नसतात. एका सहकारी मैत्रिणीने तो केल्यावर बराच वेळ त्या दोन याद्यांकडे पाहिले आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. आपण सर्वांना विचारतो की ठरावीक चेहऱ्यांनाच, हे उपदेशाच्या तासाभराने कळत नाही ते या कागदाने कळते. हा स्वाध्याय पहिल्याच भागात असायला हवा होता.

एकंदरीत, लोकांशी रोज संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी हे प्रशिक्षण जरूर घ्यावे, असे मी म्हणेन. कार्यालयाने ते निव्वळ सक्ती म्हणून न देता त्यानंतर एकत्र चर्चेला तासभर राखून ठेवावा. दवाखान्याच्या प्रसंगानंतरची ती लाल फुली काढावी आणि तोच प्रसंग कर्मचारी महिला शहराचे नाव ऐकून ‘बरं’ म्हणते आणि पुढचे काम करते, अशा रीतीने पुन्हा एकदा दाखवावा, असा अभिप्राय मी प्रशिक्षणाच्या शेवटी दिलेल्या चौकटीत लिहून पाठवला आहे.