प्लाझ्मातल्या मॉर्फिनसाठी सी-18 कॉलम: नऊ महिन्यांचा अनुभव

100 मिमी लांब, 2.1 मिमी व्यासाचा, 1.8 मायक्रॉन कणांचा आणि जवळपास निव्वळ पाण्यातही टिकणारा सी-18 कॉलम, म्हणजे द्रवातले पदार्थ एकामागून एक वेगळे करून मास स्पेक्ट्रोमीटरकडे (रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राकडे) पाठवणारी नळी. मॉर्फिन आणि त्याची दोन ग्लुक्युरोनाइडं (शरीरात मॉर्फिनपासून बनणारे पदार्थ) मोजायला मी तो नऊ महिने वापरतेय. अडीच हजारांच्या आसपास इंजेक्शनं झाली.

या कामात सगळी भिस्त कॉलमवरच असते. मॉर्फिन-3-ग्लुक्युरोनाइड आणि मॉर्फिन-6-ग्लुक्युरोनाइड यांचं वस्तुमान एकच. दोन्ही 462 या वस्तुमानाला (m/z) दिसतात, तुटल्यावर दोन्ही 286 चाच तुकडा देतात. एकाच वेळी आत शिरली तर मास स्पेक्ट्रोमीटरला, मग तो कितीही महागडा असो, ती वेगळी ओळखता येत नाहीत. 6-ग्लुक्युरोनाइड (पुढे नुसतं 6) वेदना शमवतं, 3-ग्लुक्युरोनाइड (नुसतं 3) शमवत नाही, आणि रक्तात 3 च कितीतरी जास्त असतं. मूत्रपिंडं थकलेल्या रुग्णात दोन्ही साचतात; अशा वेळी 3 च्या पीकची (आलेखावरच्या उंचवट्याची) शेपटी 6 च्या पीकखाली गेली तर तो आकडा कुणाला द्यायचीही मला भीती वाटते. शिवाय ग्लुक्युरोनाइड सोर्समध्येच (स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी, रेणूंना विद्युतभार मिळतो तिथे) 176 वस्तुमानाचा तुकडा गमावून मॉर्फिनचा खोटा पीक दाखवतं, म्हणजे मॉर्फिनही दोघांपासून लांबच निघायला हवं.

पहिल्या दिवशी 3 हे 2.1 मिनिटांना आलं, 6 हे 2.9 ला, मधली बेसलाइन सपाट. आज दोन्ही थोडी अलीकडे सरकलीत, पण मधली जागा शाबूत आहे. मला हेच हवं होतं.

तिसऱ्या महिन्यात मात्र घाम फुटला. प्रेशर 320 बारवरून 470 वर गेलं आणि 3 चा पीक पुढून फुगला. दोष कॉलमचा नव्हता, माझ्या तयारीचा होता. 200 मायक्रोलिटर प्लाझ्मात 600 अ‍ॅसिटोनायट्राइल घालून प्रथिनं खाली बसवायची, वरचं द्रव नायट्रोजनखाली सुकवायचं, मग 2 टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवायचं, ही रीत. घाईत मी सुकवणं टाळून वरचं द्रव सरळ टोचत होते. एवढ्या तीव्र सॉल्व्हंटमध्ये लवकर निघणारे पीक पसरणारच. सुकवायला लागल्यावर पीक सुधारला, प्रेशर तसंच. व्हायल उजेडात धरली तेव्हा विरघळवलेलं द्रव किंचित दुधाळ दिसलं. तेव्हापासून दुसऱ्यांदा सेंट्रिफ्यूज केल्याशिवाय काहीच टोचत नाही. गार्ड (कॉलमच्या आधी बसवलेला छोटा संरक्षक कॉलम) बदलल्यावर प्रेशर 340 वर आलं.

फॉस्फोलिपिडं (प्लाझ्मातले मेदयुक्त पदार्थ) उशिरा निघतात आणि पुढच्या नमुन्यांत डोकं वर काढतात. त्यांच्या 184 वस्तुमानाच्या तुकड्यावरून मी त्यांच्यावर नजर ठेवते. दर धावेच्या शेवटी दोन मिनिटं 95 टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल दिलं की ती धुऊन निघतात. त्यानंतर पुन्हा पाण्यात स्थिरावायला कॉलम तीन मिनिटं घेतो, आणि लांबलचक बॅचच्या रात्री ते फार जाणवतं. त्यात काटकसर केली की रिटेन्शन (पदार्थ कॉलममधून निघण्याची वेळ) लगेच डळमळतं.

दुसरा कॉलम मागवलाय, मुद्दाम वेगळ्या लॉटचा (उत्पादनाच्या वेगळ्या खेपेचा). जुना अजून चांगला चालतोय तोवर दोन्हींवर एकाच दिवशी तेच प्लाझ्मा चालवून घेणार आहे.