झोपलेल्या कंपनीचा पत्ता: नाशिकचं टेबल की अमळनेरची ओसरी?

धंदा थांबलाय, पण कंपनी मोडायला मन होत नाही, अशा अवस्थेत असलेल्यांसाठी हे लिहितोय. कोणाकडे ट्रेडमार्क असतो, कोणाच्या कंपनीच्या नावावर प्लॉट असतो, कोणाची नुसतीच 'पुढच्या वर्षी बघू' ही आशा असते. आमची तिसऱ्या प्रकारातली. २०१८ साली साडूंच्या भागीदारीत केळीच्या खोडापासून धागा काढायची कंपनी काढली होती. खोडं फुकट मिळायची, ती वाहून आणायला मात्र पैसे लागायचे, आणि ते गणित शेवटपर्यंत बसलं नाही. २०२१ मध्ये मशीन थांबलं. पुढच्या वर्षी जळगावचा गाळा सोडला आणि मग लक्षात आलं की गाळ्यासोबत कंपनीचा पत्ताही गेला.

डॉर्मंट दर्जा, म्हणजे 'महत्त्वाचे व्यवहार न करणारी, झोपलेली कंपनी' अशी सरकारी नोंद, घेतला म्हणजे सगळी कटकट संपली, असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटलं होतं. कंपनी कायद्याच्या कलम ४५५ खाली एमएससी-१ हा फॉर्म भरून दर्जा मिळतो, बोर्ड मीटिंगा वर्षातून दोनवर येतात, सीएने तपासलेल्या आकड्यांसह एमएससी-३ हा वार्षिक फॉर्म ३० एप्रिलच्या आत भरला की वर्षाचं मुख्य काम होतं. कलम १२ मात्र तसंच लागू राहतं. रजिस्टर्ड ऑफिस हवं, तिथे आलेलं पत्र घेऊन पोच द्यायला माणूस हवा, बाहेर पाटी हवी. पत्ता बदलला की तीस दिवसांत कळवायचं. चुकलं तर दिवसाला हजार रुपये दंड, लाखापर्यंत, आणि तो कंपनीला वेगळा, जबाबदार संचालकाला वेगळा. कंपनी झोपली आहे ही सबब इथे चालत नाही.

आमच्यापुढे चार पर्याय होते. त्यातला पुण्याचा एका संध्याकाळीच बाद झाला. भाच्याचा फ्लॅट रिकामाच होता, पण तेव्हा जळगाव मुंबईच्या आरओसीकडे, म्हणजे कंपनी निबंधकांकडे, आणि पुणे पुण्याच्या आरओसीकडे. राज्य तेच असलं तरी आरओसीची हद्द बदलली की प्रादेशिक संचालकांची मंजुरी लागते. बंद पडलेल्या कंपनीसाठी एवढं कोण करणार? शिवाय सोसायटीचं ना-हरकत पत्र आणायचं म्हणजे सेक्रेटरींच्या चहाला जाणं आलं. आपल्या सीएच्या ऑफिसचा पत्ता देणं ही खान्देशातली जुनी सोय आहे आणि अनेकांची ती बिनबोभाट चालते. आमच्या सीएसाहेबांनी मात्र हसून हात जोडले. त्यांच्या दाराशी आधीच सात पाट्या होत्या.

उरले दोन. नाशिकमधलं एक व्हर्च्युअल ऑफिस, म्हणजे नुसता पत्ता भाड्याने देणारी जागा, आणि अमळनेरचं आमचं जुनं घर, जिथे आई राहते.

आम्ही आधी नाशिक घेतलं. तेव्हा तेच शहाणपणाचं वाटलं होतं. वर्षाला साडेसात हजार, वर जीएसटी. करारनामा, ना-हरकत पत्र, ताजं वीजबिल, सगळं दोन दिवसांत मेलवर आलं. पाटीसुद्धा त्यांनीच लावली. गाव बदलत असल्यामुळे विशेष ठराव, मग ठराव कळवायचा एमजीटी-१४ आणि नवा पत्ता कळवायचा आयएनसी-२२ फॉर्म, एवढंच आमच्याकडे राहिलं. भाडं देऊन डॉर्मंट दर्जाला धक्का लागेल का, अशी साडूंना शंका होती. तसं होत नाही. कार्यालय आणि दफ्तर सांभाळायचा खर्च, आरओसीची फी, कायद्यासाठी करावी लागणारी देणी, हे सगळं 'महत्त्वाच्या व्यवहारा'त धरतच नाहीत.

घराच्या बाबतीत उलटं. पैसे शून्य, पण कागद जमवताना दमछाक. वीजबिल दोन महिन्यांच्या आतलं लागतं, ते आमच्याकडे दर महिन्याला येत होतं, फक्त ते आजोबांच्या नावाने. आजोबांना जाऊन पंधरा वर्षं झालीत. घरपट्टी वडिलांच्या नावावर, तेही नाहीत. ना-हरकत देणार आई, आणि कागदावर आईचं नाव कुठेच नाही. हे वर्षानुवर्षं आमच्याच आळसाने राहून गेलेलं. आधी नगरपालिकेत वारसनोंद, मग महावितरणकडे बिलावरचं नाव, यात दोन महिने गेले. ज्यांच्या घरचे कागद सरळ आहेत त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. पण खान्देशातल्या जुन्या वाड्यांची अवस्था पाहता तसे लोक थोडेच असतील.

कागदावर पाहिलं तर नाशिक जिंकतं, हे मी मान्य करतो. मला तिथून हलवलं ते एका पाकिटाने.

झालं असं की जुन्या एका फॉर्ममधल्या तफावतीबद्दल आरओसीचं पत्र निघालं. पंधरा दिवसांत खुलासा करा, एवढाच मजकूर, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पत्र नाशिकला पोचलं, तिथल्या मुलीने सही करून घेतलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. आठवडाभराची टपाल एकदम नोंदवायची, अशी त्यांची पद्धत. त्या आठवड्यात सुट्ट्या आल्या. नवव्या दिवशी मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. पाकिटाचा. तोही तिरका काढलेला, खिडकीच्या चकचकीत कागदावर फ्लॅश पडलेला, त्यामुळे आमचं नाव दिसत होतं आणि पाठवणाऱ्याचं नाव त्या पांढऱ्या डागाखाली. मी म्हटलं, ताई, उघडून आतला कागद पाठवा. त्या म्हणाल्या, सर, उघडून स्कॅन करणं तुमच्या प्लॅनमध्ये नाही. मी म्हटलं, वेगळे पैसे देतो. त्या म्हणाल्या, रिक्वेस्ट टाका, अप्रूव्ह झाली की होईल. कुरिअरने पाकीट जळगावला आलं तेव्हा हातात दोन दिवस राहिले होते. सीएसाहेबांनी रात्री बसून खुलासा केला, दंड वगैरे काही झाला नाही.

त्या मुलीचा दोष नाही, ती नियमाने वागली. दोष असलाच तर माझा, कारण करारातली 'टपाल हाताळणी' ही ओळ मी वाचलीच नव्हती. पण त्या नऊ दिवसांत एक गोष्ट डोक्यात बसली. कायद्याच्या लेखी पत्र पोचलं होतं. पत्त्यावर पोचलं म्हणजे कंपनीला पोचलं. मी ते वाचलं की नाही, याच्याशी कोणाला काही देणंघेणं नाही. चालत्या कंपनीत रोज कोणीतरी ऑफिसात असतं, म्हणून हे जाणवत नाही. झोपलेल्या कंपनीकडे पत्त्याशिवाय असतं काय?

अमळनेरला दुपारी बारा-साडेबाराला पोस्टमन येतो तेव्हा आई ओसरीवर असते. उन्हाळ्यात पापड, नाहीतर धान्य निवडणं, काहीतरी चालूच असतं. कंपनीचं पाकीट आलं की ती सही करते, चष्मा लावून उघडते आणि मला फोनवर वाचून दाखवते. इंग्रजी असेल तर अक्षरं सुटी सुटी सांगते. तिला यातलं गांभीर्य समजावून सांगावं लागलं नाही. १९४५ साली ज्या गावात विप्रोची सुरुवात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली, तिथली ती पिढी. तिच्या वडिलांकडे थोडे शेअर होते, आणि लाभांशाची पत्रं ट्रंकेत धोतराच्या घडीखाली ठेवलेली तिने लहानपणी पाहिली आहेत. कंपनीचं पत्र फेकायचं नसतं, एवढं तिला आमच्या कंपनीच्या जन्माआधीपासून माहीत आहे.

म्हणून २०२४ मध्ये पुन्हा विशेष ठराव, पुन्हा आयएनसी-२२. या फॉर्मला बाहेरून इमारतीचा आणि आतून ऑफिसचा फोटो लागतो, आतल्या फोटोत एक संचालक हवा. साडू खुर्चीत ताठ बसले, मागे भिंतीवर देवांचे फोटो, कोपऱ्यातली शेवयांची खाट आम्ही घाईने बाहेर काढली. पाटी बाजारातल्या पेंटरकडून पत्र्यावर हाताने रंगवून घेतली, वर मराठी, खाली इंग्रजी. स्थानिक लिपीत नाव असावं असं कायदाच म्हणतो, आणि नाशिकच्या त्या भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांत मराठी एकही नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. शेजारच्या काकूंनी पाटी वाचून विचारलं, "कंपनी कोठे शे रे भाऊ? आठे ते निस्ती पाटी शे." याला अजून तरी माझ्याकडे उत्तर नाही.

तपासणीचं भय दोन्हीकडे आहे. कंपनी व्यवसाय करत नाही असं वाटलं तर आरओसी पत्त्यावर येऊन पाहू शकतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे परिसरातले दोन स्वतंत्र साक्षीदार घेऊन, फोटो काढून. पत्ता खोटा ठरला तर नाव काढून टाकण्यापर्यंत गोष्ट जाते. आमच्याकडे अजून कोणी आलेलं नाही, त्यामुळे अनुभवाने सांगत नाही. पण अमळनेरला समोरचा किराणावाला आणि त्याच काकू साक्षीला उभ्या राहतील, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. नाशिकच्या त्या तिसऱ्या मजल्यावर शेजारच्या डेंटिस्टला आमचं नाव विचारलं असतं तर?

भाड्याच्या पत्त्याची आणखी एक गोम आहे. जागा त्यांनी बदलली की पत्ता तुमचा बदलतो, आणि तीस दिवस तुमचे सुरू होतात. आमच्या बाबतीत तसं झालं नाही, पण करार अकरा महिन्यांचा असताना ही शक्यता गृहीत धरलेली बरी.

पैशाचंही सांगतो. सलग पाच वर्षं डॉर्मंट राहिलं की आरओसीने नाव काढायची प्रक्रिया सुरू करायची असा नियम आहे, म्हणजे पत्ता सांभाळायचा तो फार तर पाच वर्षं. नाशिकच्या दराने साडेसदतीस हजार, जीएसटी वेगळा. कंपनी कायमची बंद करायच्या एसटीके-२ अर्जाची फी दहा हजार आहे. ज्यांची आशा खरोखर संपली आहे त्यांनी आधी हे दोन आकडे शेजारी मांडावेत. तसंही नाव रजिस्टरमधून निघेपर्यंत पत्ता लागतोच.

घराला पाटी लावली म्हणून नगरपालिका व्यावसायिक दराने घरपट्टी लावेल, अशी भीती मला दोघा-तिघांनी घातली. आमच्याकडे तसं झालं नाही. तुमच्या गावात विचारून घ्या. आणि घर कुलूपबंद असेल, दिवाळीलाच उघडत असेल, तर माझं काहीही ऐकू नका. तिथे 'दार बंद' असा शेरा मारून पत्र परत जाणार, त्यापेक्षा नाशिकचा ट्रे शंभर पटींनी बरा. तसं असेल तर पैसे भरण्याआधी त्यांना एवढं विचारा: टपाल आल्याच्या दिवशीच कळवणार का, पाकीट उघडून आतला कागद पाठवणार का, आणि याचे पैसे प्लॅनमध्ये आहेत का. उत्तर तोंडी घेऊ नका, मेलवर घ्या.

आमची पाच वर्षं २०२८ ला भरतात. साडू म्हणतात तोवर खोडाच्या वाहतुकीचं काहीतरी निघेल. आई म्हणते पाटीचा रंग उडायला लागलाय, पावसाळ्याआधी पेंटरला बोलव.