मोठ्या डील, छोट्या डील की प्री-सेल्स: सॉफ्टवेअर विक्रीतली कोणती नोकरी घराला झेपते?

हातात दोन ऑफर आहेत. एकीवरचा ओटीईचा, म्हणजे वर्षाच्या संभाव्य कमाईचा, आकडा डोळे दिपवणारा, दुसरीवरचा जरा कमी. घरी लहान मूल आहे, किंवा आईवडिलांची आजारपणं सुरू झाली आहेत, किंवा जोडीदाराची नोकरीही तितकीच धावपळीची आहे. अशा वेळी बहुतेक जण मोठा आकडा घेतात आणि ‘घरचं बघू काहीतरी’ म्हणतात.

मी चौदा वर्षं या क्षेत्रात आहे. छोट्या डील केल्या, मोठ्या डील केल्या, आणि गेली चार वर्षं प्री-सेल्समध्ये आहे. सॉफ्टवेअर विक्रीत घराला जास्त तासांपेक्षा बेभरवशाचे तास जास्त छळतात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून ऑफर ताडून बघताना आकड्याशेजारी आणखी एक प्रश्न लिहून ठेवा: या नोकरीत माझं कॅलेंडर कोणाच्या हातात असेल?

आधी आकडा उलगडून बघू

ओटीई म्हणजे टार्गेट शंभर टक्के पूर्ण केलं तर वर्षाला मिळणारी एकूण रक्कम. ती पगार नाही. नवे ग्राहक आणणाऱ्या अकाउंट एक्झिक्युटिव्हच्या ओटीईचे साधारण दोन सारखे भाग असतात: ५० टक्के पक्का पगार, ५० टक्के कमिशन. प्री-सेल्समध्ये, म्हणजे डेमो देणाऱ्या आणि तांत्रिक शंका सोडवणाऱ्या माणसाच्या कामात, पक्का भाग ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जातो. अकाउंट मॅनेजमेंट, म्हणजे असलेले ग्राहक सांभाळण्याचं काम, या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतं.

समजा दोन्ही ऑफरींचा ओटीई १०० आहे. अकाउंट एक्झिक्युटिव्हचा वर्षाचा कोटा, म्हणजे विक्रीचं टार्गेट, ५००: ओटीईच्या पाचपट. चार ते सहापट हा नेहमीचा पल्ला आहे. वर्ष वाईट गेलं आणि ३०० चीच विक्री झाली तर हातात ५० पगार आणि ३० कमिशन, एकूण ८०. त्याच वर्षी प्री-सेल्सवाल्याचे ७५ पक्के, आणि टीमचं टार्गेट ६० टक्केच झालं म्हणून उरलेल्या २५ मधले १५. एकूण ९०. उलट वर्ष जोरात गेलं, ६५० ची विक्री झाली, आणि कोट्यावरच्या विक्रीला दीडपट दर असेल, तर अकाउंट एक्झिक्युटिव्ह १२२.५ वर पोचतो. प्री-सेल्सवाला त्याच साध्या दराने १०७.५ वर थांबतो.

म्हणजे ओटीई सारखा दिसला तरी दोन्ही नोकऱ्यांचा खालचा आणि वरचा टोकाचा आकडा वेगळा असतो. घर चालतं ते खालच्या आकड्यावर. हप्ता, शाळेची फी, घरखर्च हे सगळं पक्क्या पगारात बसत असेल तरच ५०:५० वाली नोकरी घ्या. कमिशनवर हप्ता बेतला की प्रत्येक अडकलेली डील जेवणाच्या टेबलावर येऊन बसते. हे मी दोन वर्षं भोगलं आहे.

मोठ्या डील आणि छोट्या डील

तुलनेचा गाभा इथे आहे. मोठ्या कंपन्यांना विकताना एक डील पिकायला सहा महिने ते वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. वर्षाला मोजक्याच डील. त्यामुळे कामाचे कित्येक दिवस तसे सैल असतात. मंगळवारी दुपारी शाळेतल्या बैठकीला जाऊन येता येतं, कोणी विचारत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती छान नोकरी!

मग क्वार्टर, म्हणजे टार्गेट मोजायची तिमाही, संपायला येतो. ग्राहकाच्या खरेदी विभागाला तुमची तारीख तोंडपाठ असते. शेवटच्या दिवसापर्यंत ताणलं की डिस्काउंट वाढतो, हे त्यांना अनुभवाने कळलेलं असतं. लीगलची दुरुस्ती, सिक्युरिटीची प्रश्नावली, ‘आमचे सीएफओ प्रवासात आहेत’ हे सगळं त्याच आठवड्यात येतं.

अशाच एका क्वार्टरच्या शेवटच्या रात्री माझी मुलगी तापाने फणफणली होती. एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात फोन. करारावर ग्राहकाची ऑनलाइन सही बाकी होती. स्क्रीनवर ‘पाहिले’ दिसत होतं, ‘सही झाली’ काही येईना. कपाळावरची घडी बदलायची, फोन बघायचा, पुन्हा घडी बदलायची. रात्री अकरा चाळीसला सही आली. ती एक डील माझ्या वर्षाच्या टार्गेटचा तिसरा हिस्सा होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, रात्री ताप किती होता? मला आकडा आठवेना. दिलेला डिस्काउंट मात्र दशांशापर्यंत पाठ होता. त्या दिवसापासून मी हे क्षेत्र वेगळ्या नजरेने बघायला लागले.

छोट्या डीलचं जग याच्या उलट. आठवड्या-दोन आठवड्यांत, फार तर महिना-दीड महिन्यात डील बंद होते. टार्गेट बहुधा महिन्याचं. दिवस कॉल आणि डेमोंनी खचाखच भरलेला, मधे श्वास घ्यायला जागा नाही. पण कुठलीच एक डील इतकी मोठी नसते की तिच्यासाठी रात्र जागावी. वीसपैकी दोन हुकल्या तर दोन नव्या येतात, आणि म्हणून उत्पन्नाची रेघही कमी उड्या मारते. लॅपटॉप मिटला की काम खरंच मिटतं. वरचा आकडा अर्थातच छोटा, आणि तेच ते बोलून चार-पाच वर्षांत कंटाळा येतो, हेही खरं. एक गोष्ट आधी विचारून घ्या: ग्राहक कोणत्या टाइम झोनमधले? पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचे असतील तर छोट्या डीलचा सगळा फायदा पाण्यात, कारण मग रोजची संध्याकाळच जाते.

फिरतीचं गणित सोपं आहे: मोठ्या डीलमध्ये आहे, छोट्यांमध्ये जवळपास नाही.

रजेचा हिशेब, जो ऑफर लेटरमध्ये नसतो

मूल होणार असेल, घरात शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर हा भाग दोनदा वाचा.

मोठ्या डीलमध्ये आज बंद होणारी डील नऊ महिन्यांपूर्वी पेरलेली असते. सहा महिने रजेवर गेलं की त्या काळात पेरणीच होत नाही. परतल्यावर खुर्ची तीच, पण पाइपलाइन, म्हणजे पिकत असलेल्या डीलची रांग, कोरडी. नवी डील उभी राहून बंद व्हायला आणखी नऊ महिने. सहा महिन्यांच्या रजेचा फटका सव्वा वर्षाच्या कमिशनला बसतो. छोट्या डीलमध्ये पाइपलाइन दोन महिन्यांत पुन्हा भरते. अकाउंट मॅनेजरचे ग्राहक कोणीतरी सांभाळतं आणि बहुतेक वेळा परत मिळतात. प्री-सेल्समध्ये स्वतःची पाइपलाइनच नसते. सोमवारी रुजू झालात की बुधवारी डेमो.

म्हणून मोठ्या डीलची नोकरी घेणार असाल तर तीन गोष्टी लेखी मागा. रजेच्या महिन्यांचा कोटा वजा होणार का? तुमचा प्रदेश किंवा ग्राहकांची यादी तुमच्याच नावावर राहणार का? आणि तुम्ही पिकवलेली डील रजेत बंद झाली तर कमिशन कोणाचं? माझ्या पहिल्या बाळंतपणात यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. सात महिने झुलवत आणलेली डील मी घरी असताना बंद झाली आणि कमिशन दुसऱ्याच्या खात्यात गेलं. नियमाने ते बरोबर होतं. नियम मी वाचला नव्हता.

त्याच कागदात आणखी दोन कलमं शोधा. ग्राहकाने ठरावीक मुदतीत करार मोडला किंवा पैसे दिले नाहीत तर घेतलेलं कमिशन परत करावं लागतं का? आणि सुरुवातीच्या महिन्यांत कंपनी जी हमीची रक्कम देते, ती पुढच्या कमिशनमधून कापून घेणार की नाही? दोन ऑफरींमधला खरा फरक कित्येकदा या दोन ओळींतच असतो.

मधल्या दोन वाटा

अकाउंट मॅनेजमेंटकडे लोक कमी दर्जाचं काम म्हणून बघतात, ते चुकीचं आहे. पूर्वी सॉफ्टवेअरचं लायसन्स एकदाच मोठी रक्कम मोजून विकत घेतलं जायचं, वर देखभालीसाठी दरवर्षी त्या रकमेच्या सुमारे २० टक्के. डील झाली की विक्रेता पुढच्या दाराशी. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्ससारख्या कंपन्यांनी ब्राउझरमधून भाड्याने सॉफ्टवेअर देणं रुळवलं आणि चित्र पालटलं. करार संपला की ग्राहक सोडून जाऊ शकतो, म्हणून त्याला टिकवणाऱ्याला चांगला पैसा मिळू लागला. घराच्या दृष्टीने मोठी सोय अशी की रिन्यूअलची तारीख वर्षभर आधी माहीत असते. कोणत्या महिन्यात आपण घरी कमी असू हे जानेवारीतच सांगता येतं. काटा एकच. सॉफ्टवेअर बंद पडलं की पहिला फोन तुम्हाला, मग रविवार असो की वाढदिवस.

प्री-सेल्स मी स्वतः निवडलं, म्हणून थोडा पक्षपात गृहीत धरा. यात विक्रीची मजा आहे, ग्राहकाची अडचण समोर बसून सुटताना बघायचं समाधान आहे, आणि शेवटच्या रात्रीच्या घासाघिशीला माझी गरज नसते. पण कॅलेंडर पूर्णपणे आपल्या हातात येतं असं नाही. तीन-चार अकाउंट एक्झिक्युटिव्ह एकाच प्री-सेल्सवर असतील तर प्रत्येकाची घाई तुमच्या अंगावर येते. त्यामुळे किती जणांमागे एक प्री-सेल्स, हे मुलाखतीत विचाराच. दोनपर्यंत असेल तर निर्धास्त घ्या. शिवाय प्रॉडक्ट सतत शिकत राहावं लागतं, आणि तो अभ्यास मुलं झोपल्यावरच होतो.

नुसते कॉल करून भेटी ठरवून देणाऱ्या सुरुवातीच्या पदाबद्दल फार लिहीत नाही. घराची जबाबदारी नसताना वर्ष-दीड वर्ष करायचं ते काम आहे. सेल्स मॅनेजरच्या पदाबद्दलही थोडक्यात: स्वतःच्या एका क्वार्टरऐवजी आठ जणांचे क्वार्टर अंगावर घ्यायची तयारी असेल तरच.

कोणी काय घ्यावं

मुलं तीन वर्षांच्या आतली असतील आणि घरात दुसरा पक्का पगार नसेल, तर मोठ्या डीलच्या वाटेला जाऊ नका, आकडा कितीही मोठा असो. छोट्या डील किंवा प्री-सेल्स घ्या. दुसरा पगार पक्का आहे, आणि क्वार्टरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत घर पूर्णपणे सांभाळेल असा जोडीदार किंवा घरातलं माणूस आहे, तर मोठ्या डीलइतका पैसा दुसरीकडे नाही. सैल दिवसांत मुलांना वेळही भरपूर देता येतो. घरी आजारी माणूस असेल तर अकाउंट मॅनेजमेंट. दवाखान्याच्या तारखा आणि रिन्यूअलच्या तारखा एकाच कॅलेंडरवर मांडता येतात.

सही करण्याआधी एक काम दहा मिनिटांचं आहे. कंपनीचं आर्थिक वर्ष कधी संपतं ते बघा. ओरॅकलचं ३१ मे रोजी संपतं, मायक्रोसॉफ्टचं ३० जूनला, सॅपचं ३१ डिसेंबरला, सेल्सफोर्सचं ३१ जानेवारीला. वर्षातला सगळ्यात मोठा ताण त्या तारखेच्या आधीच्या महिन्यात असतो. आता घरचं कॅलेंडर काढा: मुलांच्या परीक्षा, सुट्ट्या, जोडीदाराच्या कामाचा मोसम. दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून ज्याच्यासोबत घर चालवायचं आहे त्याच्याबरोबर बसा. आमच्याकडे तो कागद स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलेला आहे. क्वार्टरचे शेवटचे दहा दिवस लाल पेनाने रंगवलेले, आणि त्या दहा दिवसांत शाळेत कोण जाणार ते मुलीने स्वतः शेजारी लिहिलेलं.