लाइटवेट म्हणून विकलेली लँड रोव्हर: फसवणूक कशी झाली आणि कुठे पकडता आली असती

ही हकीकत इंग्लंडमध्ये विकल्या गेलेल्या एका लँड रोव्हरची आहे. जाहिरातीत लिहिले होते: 1971 ची सीरीज टू-ए 'लाइटवेट' (लष्करासाठी केलेली हलकी लँड रोव्हर), ब्रिटिश लष्करातून निघालेली, रेडिओसाठी सज्ज, 24 व्होल्टची, नटबोल्टापासून नव्याने बांधलेली, रोड टॅक्स शून्य, एमओटीची (वार्षिक तपासणीची) गरज नाही, लंडनच्या यूलेझ (प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरील) शुल्कातून सुटका. घेणाऱ्याने गाडी पाहिली, कागद पाहिले, पैसे मोजले. नंतर कळले की चासी एका नागरी सीरीज थ्रीची आहे आणि तिच्यावरचा नंबर घासून पुन्हा ठोकला आहे. लॉगबुक (नोंदणीचा कागद) तिसऱ्याच गाडीचे होते. बॉनेटवर रंगवलेला लष्करी नंबर तर कधीकाळी एका 109 इंची (हे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) लँड रोव्हरचा होता.

गाडी चालत होती, दिसायला उत्तम होती, इंजिनात खोट नव्हती. म्हणूनच हे लिहायला हवे. जुनी गाडी घेताना आपण इंजिन ऐकतो, गिअर टाकून बघतो, टायर दाबून बघतो. इथे खोट होती ती ओळखीत, आणि ओळखीचा प्रत्येक पुरावा विकणाऱ्याच्याच हातचा होता.

आधी या धंद्यात पैसा कुठून येतो ते पाहू. ब्रिटनमध्ये 40 वर्षांवरील गाडी 'हिस्टॉरिक' वर्गात नोंदवली की रोड टॅक्स लागत नाही, आणि मोठे फेरफार केलेले नसतील तर मे 2018 पासून वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. ऑगस्ट 2023 पासून यूलेझ संपूर्ण लंडनला लागू झाले; नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला 12.50 पौंड पडतात, पण हिस्टॉरिक गाडीला माफी आहे. त्यामुळे जुन्या गाडीच्या नुसत्या लॉगबुकालाही किंमत आली. भंगारात गेलेल्या गाडीचे कागद आणि नंबर दुसऱ्याच सांगाड्यावर चढवायचे, ही ती युक्ती. त्यावर लष्करी इतिहासाचा मुलामा चढवला की भाव आणखी वाढतो.

लाइटवेट यासाठी सोयीची पडते, कारण ती 88 इंची नागरी गाडीच्याच यंत्रसामग्रीवर बांधलेली आहे. लष्कराला हेलिकॉप्टरखाली टांगून नेता येईल अशी गाडी हवी होती, वजनाची मर्यादा 2,500 पौंड, म्हणजे सुमारे 1,134 किलो. म्हणून दारे, काच, हूड, बंपर काढून ठेवता येतील अशी बॉडी केली आणि रुंदी 60 इंचांवर आणली. प्रत्यक्षात वजन थोडे जास्तच भरले, तरी लष्कराने ती स्वीकारली. टू-ए 1968 ते 1972 या काळात झाली आणि त्यानंतर सीरीज थ्री 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत. इंजिन 2,286 सीसीचे पेट्रोल, दोन्हीकडे तेच. सपाट पत्र्याचे फेंडर आणि चौकोनी टब मिळवले की लांबून कुठलीही 88 इंची गाडी लाइटवेट दिसते. टेप लावून रुंदी मोजायला एक मिनिट लागते, पण बनवणाऱ्याने खरी लाइटवेट बॉडी वापरली असेल तर टेपही बरोबरच माप दाखवते. या गाडीत तसेच झाले. बॉडी अस्सल होती, खालचे सगळे परके.

आता चासी नंबर. तो पुढच्या उजव्या बाजूच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरवर ठोकलेला असतो, चाकाच्या जरा पुढे. बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर) किंवा सीटबॉक्सवर (सीटखालच्या पेटीवर) रिव्हेट केलेली पत्र्याची पाटी म्हणजे नंबर नव्हे. तशा कोऱ्या पाट्या, अगदी लष्करी नमुन्याच्यासुद्धा, कोणालाही विकत मिळतात. जीर्णोद्धार करणाऱ्यांना त्या खरोखरच लागतात. त्यामुळे पाटी पाहून समाधान मानू नये. हँगरवरचा रंग वायर ब्रशने हलकेच उतरवा, अर्थात विचारून. त्यावर खडू घासा आणि टॉर्च आडवा धरून बघा. अस्सल ठोकणी हातची असते, आकडे थोडे वरखाली असतात, पण त्यांच्या आजूबाजूचा पत्रा सारख्या जाडीचा असतो. या गाडीत आकड्यांखाली ग्राइंडरचे आडवे ओरखडे होते आणि तेवढाच भाग हाताला खोलगट लागत होता. वर जाड काळा अंडरसील (गंज टाळण्यासाठीचा लेप) मारला होता. अख्खी चासी स्वच्छ रंगवलेली असताना त्या एका विटेएवढ्या जागेलाच अंडरसील कशाला?

विकणाऱ्याचे उत्तर तयार होते: "हँगर गंजले होते, नवे लावले, म्हणून नंबर परत ठोकला." हे उत्तर खोटेच असते असे नाही, आणि फसवणूक नेमकी इथेच लपते. त्या जागी गंज खरोखर येतो, हँगर खरोखर बदलतात, आणि नव्या गॅल्व्हनाइज्ड चासीवर कारखान्याचा नंबर नसतोच. पण ज्याने हे काम प्रामाणिकपणे केले त्याच्याकडे चासीची पावती असते, कापलेल्या जुन्या तुकड्याचे फोटो असतात, बऱ्याचदा तो नंबराचा तुकडाच जपून ठेवलेला असतो. पावती, फोटो, तुकडा यांपैकी काहीच नसेल तर तिथूनच परत फिरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिन नंबर मात्र जुळला नाही म्हणून घाबरू नका. लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स अख्खेच बदलत, उतरवलेले दुरुस्त होऊन दुसऱ्याच गाडीत जाई. तीस वर्षांपूर्वी सैन्यातून निघालेल्या गाडीत मूळ इंजिन असणे हीच नवलाची गोष्ट. उलट सगळे नंबर चोख जुळत असतील तर पाटी कधी बनवली ते विचारा. गिअरबॉक्सचेही तसेच. टू-एमध्ये सिंक्रोमेश (गिअर सहज पडावा म्हणूनची योजना) फक्त तिसऱ्या-चौथ्या गिअरला असते, सीरीज थ्रीमध्ये चारही पुढच्या गिअरना. या 'टू-ए'चा दुसरा गिअर चालत्या गाडीत लोण्यासारखा पडत होता. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, पण पुढे खोदायला ते कारण पुरेसे होते.

सगळ्यात बोलका पुरावा फुकट मिळणारा होता. रजिस्ट्रेशन नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर गाडीचा एमओटी इतिहास दिसतो, 2005 पासूनचा. इतिहास आहे का, एवढेच लोक बघतात. त्यातल्या सूचना वाचत नाहीत. या नंबराखाली एका जुन्या तपासणीत मागच्या कॉइल स्प्रिंगबद्दल सूचना होती. लाइटवेटला कॉइल स्प्रिंग नसते, चारही बाजूंना पाटेच (लीफ स्प्रिंगच) असतात. म्हणजे तो नंबर तेव्हा कॉइल स्प्रिंगच्या दुसऱ्याच सांगाड्यावर होता, बहुधा रेंज रोव्हरच्या किंवा डिस्कव्हरीच्या. तीच ओळख आता दुसऱ्यांदा विकली जात होती.

लॉगबुक, म्हणजे व्ही-फाइव्ह-सी, यावर छापलेलेच असते की हा मालकीचा पुरावा नाही. त्यावरचा पत्ता आणि तुम्ही गाडी बघायला गेलात तो पत्ता एकच हवा. 'भावाकडे ठेवली आहे' चालत नाही. निळे जुने लॉगबुक दाखवले तर त्याचा अनुक्रमांक बघा: बीजी 8229501 ते बीजी 9999030 आणि बीआय 2305501 ते बीआय 2800000 ही कोरी लॉगबुके चोरीला गेलेली आहेत. लष्करी गाडीच्या लॉगबुकावर पहिल्या नोंदणीची तारीख उत्पादनानंतर खूप उशिराची असते, कारण ती सैन्यातून बाहेर पडल्यावरच नागरी नोंदणीत येते. 1971 ची गाडी आणि नोंदणी 1990 च्या दशकातली, हे ठीक आहे. 1971 ची लष्करी गाडी आणि नागरी नोंदणीही 1971 चीच, तर ती सैन्यात कधी होती ते विकणाऱ्याने पटवून द्यावे. या गाडीत तेच होते.

म्हणून असा एक तरी कागद मिळवा जो विकणाऱ्याच्या हातातून आलेला नाही. लष्करी नंबर दोन आकडे, दोन अक्षरे, दोन आकडे असा असतो. तो आणि चासी नंबर घेऊन रॉयल लॉजिस्टिक कोअर म्युझियमकडे चौकशी करता येते. विंचेस्टरजवळच्या वर्दी डाउनला असलेल्या या संग्रहालयाकडे लष्करी गाड्यांची नोंदपत्रे आहेत आणि शुल्क भरून माहिती मिळते. कारखान्याच्या उत्पादन नोंदी वॉरविकशायरमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहेत. तिथले हेरिटेज सर्टिफिकेट विकणाऱ्याला मागवायला सांगा आणि विसार देण्याआधी हातात घ्या. "माझ्याकडे झेरॉक्स आहे" याला अर्थ नाही. इथे लष्करी नंबराची चौकशी पैसे गेल्यावर झाली, आणि उत्तरात 109 इंची गाडी आली. फॉकलंड युद्धाच्या किंवा एसएएसच्या (ब्रिटिश लष्कराच्या विशेष दलाच्या) कथा ऐकवल्या तर आणखी सावध व्हा. एसएएसच्या गुलाबी रंगाच्या 109 इंची गाड्या मुळात 72 च होत्या, नकला भरपूर आहेत. नक्कल म्हणून विकली तर त्यात काही वाईट नाही.

रेडिओवाली गाडी साध्या गाडीपेक्षा महाग जाते, तेव्हा तेही तपासा. मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद असताना बॅटरीच्या जोडीवर 25 व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण 28 दिसले पाहिजेत. 12.6 आणि 14 दिसले तर ती 12 व्होल्टची गाडी आहे किंवा बदलून घेतलेली आहे. मूळ 24 व्होल्टच्या गाडीत रेडिओत खरखर येऊ नये म्हणून इग्निशन पूर्ण धातूच्या आवरणात असते: डिस्ट्रिब्युटर बंद डब्यासारखा, प्लगच्या वायरींवर विणलेली धातूची जाळी. हे भाग महाग आणि मिळायला कठीण, म्हणून नकली गाडीत नसतात. या गाडीत मागे रेडिओचे टेबल आणि फेंडरवर अँटेनाचे माउंट होते, पण माउंटखालून एकही केबल जात नव्हती आणि बल्ब 12 व्होल्टचे होते.

गंजाबद्दल थोडक्यात, कारण ते सर्वांना ठाऊक असते आणि तरीही राहून जाते. चासी सुमारे 2 मिलिमीटर पत्र्याची पोकळ पेटी आहे, ती आतून कुजते. लहान हातोडीने मागचा क्रॉसमेंबर (चासीची आडवी पट्टी), मागच्या पाट्यांचे हँगर, बल्कहेडखालचे आउटरिगर (चासीतून बाजूला निघालेले आधार) आणि पेट्रोल टाकीच्या वरची बाजू ठोकत जा. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला की तिथे पुट्टी किंवा ठिगळावर ठिगळ आहे. चुंबक न्यायला विसरू नका. हेलिकॉप्टरने उचलण्याच्या कड्या चासीत कशा बसवल्या आहेत ते खाली झोपून बघा. नकली गाडीत त्या पातळ पट्टीवर नुसत्या बोल्ट केलेल्या असतात आणि त्यांना दोर लावून चिखलातून गाडी ओढली तर निघून येतात. तो तुकडा माणसाला लागला तर जीव जाऊ शकतो.

चालवून बघताना इंजिन थंड हवे. तुम्ही पोचायच्या आत बॉनेट गरम असेल तर दुसरा दिवस मागा. उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचला, गिअर उडून न्यूट्रलला येतो का बघा. पिवळी मूठ खाली दाबून चारही चाके जोडा, ओल्या गवतावर, डांबरावर नव्हे. मग थांबून लाल दांडी मागे ओढून लो रेंज (कमी वेगाची, जास्त ओढीची) टाका. पुढच्या चाकांमागचे क्रोमचे गोळे खड्डे पडलेले असतील तर तेल गळणारच. आणि सूट असली तरी विक्रीआधी नवी एमओटी करून मागा. चारचाकीचे कमाल शुल्क 54.85 पौंड आहे. एवढ्याला नकार देणारा काहीतरी लपवतो आहे. एमओटी गाडीची ओळख पटवून देत नाही, पण गंज आणि ब्रेक त्रयस्थ माणूस बघतो.

पैशांचे पुढे काय होते? व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारी गाडी 30 दिवसांत परत करता येते. खासगी विक्रीत एवढे संरक्षण नाही. पण वस्तू वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे, आणि चुकीची माहिती देऊन करार करवला तर 1967 च्या मिसरिप्रेझेंटेशन कायद्याखाली दाद मागता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 10,000 पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या दाव्यांच्या प्रक्रियेत) वकिलाशिवाय चालतो. व्यापाऱ्याला विसार क्रेडिट कार्डाने दिला आणि गाडीची किंमत 100 पौंडांपेक्षा जास्त पण 30,000 पौंडांच्या आत असेल तर 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम 75 नुसार कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते, मग बाकीची रक्कम कशीही दिलेली असो. गाडी चोरीची निघाली तर ती मूळ मालकाकडे जाते आणि तुमच्या हातात फक्त विकणाऱ्यावरचा दावा उरतो.

या व्यवहारात खरेदीदाराने जाहिरातीचे स्क्रीनशॉट ठेवले होते, 'अस्सल लष्करी लाइटवेट' हे शब्द त्यात होते, आणि विकणाऱ्याचे संदेशही होते. त्यामुळे दावा उभा राहू शकला. स्क्रीनशॉट पाहणीला निघण्याआधीच काढा. विक्री झाली की जाहिरात त्याच संध्याकाळी उतरवली जाते.