शिनफिल्डचे नवे घर की लोअर अर्लीचे जुने?

इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात नोकरी करणारी आणि दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात काढून कंटाळलेली आपली मंडळी घर शोधायला निघाली की फिरून फिरून याच दोन नावांपाशी येतात. एक म्हणजे शहराच्या दक्षिणेकडील शिनफिल्डच्या नव्या वसाहती आणि दुसरे म्हणजे त्यांच्या शेजारचे, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उभे राहत गेलेले लोअर अर्ली. दोन्ही वोकिंगहॅम कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या म्युनिसिपालटीच्या, हद्दीत येतात, दोन्हींपासून एम४ महामार्ग हाकेच्या अंतरावर आहे आणि शाळांच्या प्रवेशक्षेत्रांचे नकाशे तर आपण एव्हाना पाठ केलेच असतील, त्यामुळे त्यात मी शिरत नाही. मी स्वतः २०१८ साली शिनफिल्डच्या बाजूला नवे घर घेतले, जवळपास पाच वर्षे तेथे राहिलो आणि २०२३ मध्ये ते विकून लोअर अर्लीत आलो. माझे मत निःपक्षपाती आहे असा दावा त्यामुळे मला करता येणार नाही, मात्र दोन्ही घरांचे हप्ते माझ्याच खात्यातून गेले आहेत.

नव्या घराची बाजू आधी मांडतो, कारण ती मुळीच लंगडी नाही. जानेवारीत सकाळी तासभर हीटिंग लावले की आमचे नवे घर दुपारपर्यंत उबदार राहत असे. आताच्या घरात त्याच थंडीत बाराच्या सुमारास कोणीतरी मुकाट्याने उठून थर्मोस्टॅट वाढवतो. खरेदीच्या वेळी पुढे विक्रेत्यांची साखळी, म्हणजे एकाचे घर विकले गेले तरच दुसऱ्याला पुढचे घेता येईल असा प्रकार, नव्हती. उलट लोअर अर्लीच्या घरासाठी आम्ही चार घरांच्या साखळीत अडकलो, आणि इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणालाही माघार घेता येत असल्यामुळे सात महिने जीव टांगणीला लागला होता. शिवाय नव्या घराला दहा वर्षांची हमी असते आणि पहिली दोन वर्षे दुरुस्ती बिल्डरनेच करायची असते. स्नॅगिंगची, म्हणजे नव्या घरात राहून गेलेल्या उणिवांची, आमची यादी ६१ बाबींची होती आणि त्यांतल्या बहुतेक त्याने, कुरकुरत का होईना, निस्तरल्या.

जुन्या घराचे दोष झाकण्यातही अर्थ नाही. तिसरी बेडरूम म्हणजे पलंग किंवा कपाट यांपैकी एकच काय ते मावेल एवढी खोली. गॅरेजमध्ये गाडी जाते, पण नंतर दार उघडून बाहेर पडता येत नाही. छताला आर्टेक्सचे नक्षीदार लिंपण होते आणि त्या काळच्या आर्टेक्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, असा शेरा सर्व्हेयरने मारल्यामुळे नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागला. तो निर्दोष निघाला, पण तो आठवडा काही चांगला गेला नाही.

एवढे असूनही मी जुन्या घराकडे वळलो, त्याला कारण एक दिवा.

२०१९ च्या नोव्हेंबरात आमच्या नव्या घरासमोरचा रस्त्यावरचा दिवा गेला. वसाहतीचे बांधकाम अजून चालू असल्यामुळे रस्त्याला डांबराचा शेवटचा थर दिलेला नव्हता, आणि गटारांच्या झाकणांच्या लोखंडी कडा रस्त्याच्या वर दीड-दोन इंच आलेल्या होत्या. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. साताऱ्याहून आलेली माझी आई दोनदा त्या कडांना अडखळली आणि त्यानंतर दुपारच्या चहानंतर तिने घराबाहेर पाऊल टाकणे सोडून दिले. मी कौन्सिलला फोन केला तेव्हा कळले की रस्ता अद्याप त्यांनी ताब्यात घेतलेला नाही. वसाहतीची देखभाल पाहणाऱ्या कंपनीने सांगितले की दिवा त्यांच्याकडे हस्तांतरित झालेला नाही. बिल्डरच्या कार्यालयाने मला पुन्हा त्याच कंपनीचा फोन नंबर दिला. दिवा फेब्रुवारीच्या अखेरीस लागला, आणि तो कोणी लावला हे मला आजतागायत समजलेले नाही. “तुमच्या इथल्या म्युनिसिपालटीपेक्षा आमची बरी म्हणायची,” हे आईचे मत मात्र पक्के होऊन गेले.

कौन्सिल टॅक्स मी शेजारच्या जुन्या वस्तीतल्या लोकांप्रमाणे पूर्ण भरत होतोच. त्यावर देखभालीचे वार्षिक बिल वेगळे. पहिल्या वर्षी ते १८५ पौंडांचे होते, चौथ्या वर्षी ३१० झाले, आणि त्यात पावसाचे पाणी साठवण्यासाठी खणलेल्या, कुंपण घातलेल्या एका तळ्याच्या निगराणीची रक्कम होती. रक्कम मोठी नव्हती, हे मान्य. पण घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट आपल्या मालकीचे, असूनही हे बिल नाकारता येत नाही, कंपनी बदलता येत नाही, आणि विकायची वेळ आली की त्याच कंपनीकडून माहितीचा फॉर्म आणि थकबाकी नसल्याचा दाखला पैसे मोजून घ्यावा लागतो. आमचा दाखला यायला सहा आठवडे लागले आणि तेवढ्यात खरेदीदार जवळजवळ हातचा गेला होता.

हा केवळ माझ्याच नशिबाचा भाग नसावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने घरबांधणी क्षेत्रावरील अहवालात अशा खाजगी देखभालीवर बोट ठेवले आणि नव्या वसाहतींतील रस्ते व सोयी कौन्सिलने ताब्यात घेणे बंधनकारक करावे, अशी शिफारस केली. त्याच वर्षीच्या लीजहोल्ड आणि फ्रीहोल्ड सुधारणा कायद्यात अशा आकारणीला आव्हान देण्याची तरतूद आहे. मात्र हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू व्हायचा असल्यामुळे आपल्या खरेदीच्या दिवशी त्यातले काय अमलात आहे, ते आपल्या सॉलिसिटरला (खरेदीचे काम पाहणाऱ्या वकिलाला) जरूर विचारावे.

पैशांचा आणखी एक मुद्दा आहे. एप्रिल २०२५ पासून पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत स्टँप ड्यूटी नाही आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत ५ टक्के आहे, पण किंमत ५ लाखांच्या वर गेली की सवलत पूर्णच जाते. म्हणजे साडेचार लाखांच्या घरावर साडेसात हजार, तर सव्वापाच लाखांच्या घरावर १६,२५० पौंड. आम्ही पाहिलेल्या घरांत तरी नवी चार बेडरूमची घरे या रेषेच्या पलीकडे आणि लोअर अर्लीतली तीन बेडरूमची अलीकडे होती. आपल्याला कदाचित वेगळे चित्र दिसेल.

ज्यांना दुरुस्तीची मनापासून नावड आहे किंवा घरात तान्हे मूल आहे, त्यांनी शिनफिल्ड निवडले तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. फक्त घर राखून ठेवण्याची रक्कम भरण्यापूर्वी विक्री कार्यालयात दोन प्रश्न विचारावेत. रस्त्यासाठी कौन्सिलबरोबर ‘सेक्शन ३८’चा, म्हणजे रस्ता पुढे कौन्सिलने ताब्यात घेण्याचा, करार झाला आहे का, आणि घरासमोरचा रस्ता त्यात येतो की खाजगीच राहणार? उत्तर तोंडी मिळाले तर ते ईमेलवर मागून घ्यावे, आणि ईमेल येईपर्यंत लोअर अर्लीतली दोन-चार घरे पाहून ठेवावीत.