लाल रेषेच्या आतला प्लॉट घ्यावा की बाहेरचा, नाल्याकाठचा?

कोल्हापुरात प्लॉट बघताना पहिला प्रश्न असतो, "पूररेषेत येतो का?" तेवढ्यावर व्यवहार ठरवू नका. लाल रेषा पंचगंगेच्या पुराची आहे. तुंबलेल्या गटारातून उलटं येणारं पाणी ती दाखवत नाही.

निळ्या रेषेच्या, म्हणजे लाल रेषेपेक्षा नदीकडच्या पूररेषेच्या, आतला प्लॉट घरासाठी सोडूनच द्या, तिथे नवं घर बांधता येत नाही.

निळ्या-लाल रेषांमधला प्लॉट स्वस्त वाटतो. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये, दोनच वर्षांत, पाणी दोनदा ५५ फुटांच्याही वर गेलं. नियमानुसार इथे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. समजा लाल रेषा ५४६.०० मीटरवर आणि जमीन ५४३.२० वर आहे. जोतं ५४६.४५ वर, म्हणजे जमिनीपासून सव्वातीन मीटर. मग खाली खांब आणि पार्किंगच. मुरमाचा भराव टाकून ही उंची गाठू नका: भिजलेला भराव खचतो, फरशीला तडे जातात आणि पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं. जागेत वाचलेले बरेच पैसे या खांबांत जातात, पण घर कोरडं राहतं.

पंचगंगेला मिळणाऱ्या जयंती नाल्याकाठी, लाल रेषेबाहेर, परवानगी सोपी. पण नदी चढली की नाल्याचं तोंड दाबलं जातं, शहरात पडणारा पाऊस मागेच साठतो. रस्ता कोरडा असतानाच न्हाणीच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून काळं पाणी वर येतं. घरच्या सांडपाण्याच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवा आणि मे महिन्यात उघडून साफ करा. केस किंवा प्लास्टिक अडकलं की झडप पुरती मिटत नाही. ती मिटलेली असताना घरातलं सांडपाणीही बाहेर जात नाही, हे घरच्यांना सांगून ठेवा.

पावसाचं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्यावर मात्र फार विसंबू नका. १०० चौरस मीटर गच्चीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५,००० लिटर. दीड मीटर व्यासाचा, अडीच मीटर खोल, दगडांनी भरलेला खड्डा जेमतेम १,७५० लिटर धरतो. मुरमाड उंचवट्यावर तो पुढे जिरवतो. नदीकाठच्या काळ्या मातीत जुलैमध्ये भूजलच वर आलेलं असतं, खड्डा आधीच भरलेला. तिथे जमिनीवरची टाकी आणि खाली पाणी हळूहळू सोडणारी बारीक तोटी बरी. जमिनीखालची टाकी असेल तर पुराआधी भरून ठेवा: ५,००० लिटरची रिकामी टाकी बुडाली की पाणी तिला सुमारे ५ टन जोराने वर उचलतं.

दर सारखा असेल तर नाल्याकाठचा घ्या, पण शेवटच्या चेंबरचं झाकण जोत्यापेक्षा स्पष्ट खाली असेल तरच, म्हणजे उलटलेलं पाणी घरात येण्याआधी तिथूनच बाहेर पडेल. इसार देण्याआधी सर्व्हेअरकडून तीन पातळ्या लिहून घ्या: जमीन, चेंबरचं झाकण, लाल रेषा. शेजारच्या भिंतींवर २०२१ च्या पाण्याची खूण असेल, तीही त्याच फेरीत मोजून घ्या.